पेडलखालचा ठोकळा

मिस्तरी आणि मी नऊ दिवस एकमेकांशी बोलत नव्हतो.

मिस्तरी म्हणजे माझे यजमान. पोटापाण्यासाठी ते इस्पितळात एक्स-रे काढतात, पण गल्लीत त्यांना त्यावरून कुणी ओळखत नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या घरावरून जाणाऱ्याला गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय तेवढे दिसतात, म्हणून मिस्तरी. मीही मनातल्या मनात त्यांना तेच म्हणते. तोंडावर 'अहो'. आणि अबोला असला की तेही नाही.

भांडण झालं ते गाडीवरूनच. आमच्या घरात दुसरं काय आहे भांडायला? गडद हिरव्या रंगाची, दोनच सीटची, उघड्या छपराची ही स्पोर्ट्स कार भंगारातून आमच्याकडे आली, तेव्हा तिला एक दार नव्हतं, इंजिन जाम होतं आणि सीटच्या आत उंदरांनी संसार थाटला होता. त्यानंतर वर्षभराने आमची लेक झाली. म्हणून मी गाडीला थोरली म्हणते. थोरलीचे लाड जास्त झाले हे मी धाकटीच्या तोंडावर सांगते, आणि तीही नाही म्हणत नाही. सत्तावीस वर्षांत मिस्तरींनी थोरलीचा एकूण एक भाग उघडला, घासला, परत बसवला. एकाही गॅरेजवाल्याला तिला हात लावू दिला नाही. माझ्या शिवणयंत्राचा एक पाय मात्र आखूड आहे. टाके घालताना ते असं खडखडतं की समोरच्या घरातली बाई खिडकी लावून घेते. तो पाय नीट करायला मिस्तरींना दीड वर्ष सवड मिळाली नव्हती.

लेकीला आम्ही ठकू म्हणतो. सव्वीस वर्षांची घोडी झाली, पुलांचे नकाशे काढते, तरी ठकूच. तिला घाटाखालच्या शहरात नवी नोकरी लागली. एका संध्याकाळी जेवताना मिस्तरींनी मला न विचारता जाहीर करून टाकलं, "थोरली तू घेऊन जा. आजपासून ती तुझी."

मी म्हटलं, "एवढ्या मोठ्या घाटातून? जुनी गाडी, चारही चाकांच्या ब्रेकला मिळून एकच नळकांडं. ते गेलं की सगळंच गेलं."

ते ताटातून मान वर न करता म्हणाले, "तुला काय कळतं गाडीतलं?"

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की हातातला घास मी ताटात ठेवला आणि उठले. मला काय कळतं! सत्तावीस वर्षं त्या गाडीच्या ब्रेकवर पाय कुणाचा होता?

ब्रेकचं ऑइल बदलायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून बारकासा नट सैल करायचा, म्हणजे जुनं ऑइल आणि अडकलेली हवा बाटलीत येते. नट आवळून होईपर्यंत पेडलवरचा पाय उचलायचा नाही, उचलला तर हवा उलट आत जाते. म्हणून आमचे शब्द ठरलेले आहेत. ते म्हणतात "दाब", मी दाबते. ते म्हणतात "उघडतो", माझा पाय खाली जातो. ते नट आवळून म्हणतात "सोड", मी पाय उचलते. चार चाकं झाली की शेवटी ते म्हणतात "धर". मग मी पेडल दाबून तसंच धरून ठेवते आणि ते बॅटरी घेऊन चारही नट कुठे ठिबकत नाहीत ना ते बघतात. मी दिवसभर शिवणयंत्र पायाने चालवणारी बाई आहे. माझ्या पायाला दोऱ्याएवढा फरक कळतो, आणि हे मिस्तरींनीच पूर्वी चारचौघांत सांगितलेलं आहे.

या सगळ्याच्या आधी एक शब्द असतो. ठोकळा. पेडल जिथे जोडलेलं असतं त्या नळकांड्यात रबराची एक टोपी पुढे-मागे सरकते. रोजच्या चालवण्यात ती दोन बोटांच्या अंतरातच फिरते, आणि तेवढा भाग गुळगुळीत राहतो. त्याच्या पुढे मात्र वर्षानुवर्षांचा गंज. पेडल पार तळापर्यंत दाबलं तर टोपी त्या गंजावर जाते आणि तिची कड कापली जाते. तसं होऊ नये म्हणून पेडलच्या खाली एक लाकडी ठोकळा ठेवायचा. मिस्तरी चाकापाशी आडवे झाले की पहिल्यांदा विचारतात, "ठोकळा?" मी म्हणते, "आहे." त्यानंतरच पहिला "दाब". सत्तावीस वर्षांत यात बदल नाही.

अबोल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले, फळीवरचा तो ठोकळा उचलला आणि माझ्या शिवणयंत्राच्या आखूड पायाखाली सरकवला. तंतोतंत बसला. यंत्र गप्प झालं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरात आता सगळा कारभार ठकूच्या मार्फत चालला होता. "ठकू, आईला विचार माझा निळा शर्ट कुठाय." "ठकू, बाबांना सांग, जिथे काढून फेकला तिथेच." दोघंही एकाच खोलीत, हातभर अंतरावर. तिसऱ्या दिवशी तिने चमचा टेबलावर आपटला. "मी तुमची पोस्टमन नाही. आजपासून याचं त्याला आणि त्याचं याला मी काहीही सांगणार नाही. मेलात तरी सांगणार नाही."

तेव्हापासून मिस्तरी भिंतीशी बोलायला लागले. भिंतीला 'तू' म्हणता येत नाही, म्हणून त्यांनी एक शब्द शोधून काढला, कुणीतरी. कुणीतरी दिवा बंद केला तर बरं होईल. कुणीतरी चहात साखर विसरलंय. मी इस्त्रीकडे बघून उत्तरं द्यायचे.

ठकू निघायच्या आदल्या दुपारी ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "ब्रेकचं ऑइल बदलायचंय. पेडलला कुणीतरी लागेल."

"कुणीतरी येईल," मी इस्त्रीला सांगितलं.

शेडमध्ये थोरली चार स्टँडवर चढवून ठेवली होती, चाकं काढलेली. मी आत जाऊन बसले. पाय सवयीने पेडलच्या खाली गेला आणि तिथे लाकूड लागलं नाही. तेव्हा मला आठवलं. मी मनात पूर्ण वाक्य तयार केलं. आता ते विचारतील 'ठोकळा?', मग मी म्हणेन, 'नाही, तो माझ्या यंत्राखाली आहे, कारण या घरात माझ्या यंत्राला पाय द्यायला दीड वर्षात कुणाला वेळ झालेला नाही.' मी वाट बघत बसले. ते मागच्या चाकापाशी आडवे झाले, खाकरले, आणि थेट म्हणाले, "दाब."

विचारलंच नाही. एक शब्द वाचवला.

आणि मी दाबलं. पार तळापर्यंत. मला माहीत होतं की असं दाबायचं नसतं. मी काही अजाण नव्हते, मी रागावलेली होते, आणि ते दोन्ही एक नव्हे. मला वाटलं, नाही विचारत तर नाही सांगत, एकदा तळाला गेल्याने काय जगबुडी येणार आहे. एकदा नाही, चार चाकांना मिळून पंचवीस-तीस वेळा गेलं असेल.

शेवटी ते म्हणाले, "धर." मी धरलं. थोडा वेळ पेडल घट्ट होतं. मग ते माझ्या पायाखाली हळूहळू खाली जायला लागलं, इतकं हळू की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला वाटलं, उरलीसुरली हवा काढायला यांनी मला न सांगता एक नट पुन्हा उघडलाय. 'उघडतो' म्हणायलाही जड झालंय आता. मी दात आवळून पाय तसाच ठेवला.

"सोड," ते म्हणाले.

चाकं बसवून त्यांनी थोरलीला गल्लीतून दोन चकरा मारून आणल्या आणि भिंतीला कळवलं, "ब्रेक फर्स्टक्लास."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकू निघाली. एक बॅग मागे, एक शेजारच्या सीटवर. ती माझ्या गळ्यात पडली, मग बाबांच्या. दोनदा, वेगवेगळी, कारण आम्ही दोघं फाटकाच्या दोन टोकांना उभे होतो. जुन्या ऑफिसात किल्ल्या द्यायच्या, पेट्रोल भरायचं आणि मग घाट, असा तिचा बेत होता. फाटकापाशी उतार आहे. तिथे तिने ब्रेक दाबून गाडी क्षणभर थांबवली. आधी बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पायांकडे.

"काय गं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली आणि गेली.

घर एकदम रिकामं झालं. रडायचं नव्हतं म्हणून मी शिवायला बसले. पाऊण तास झाला असेल. मिस्तरी दारात येऊन उभे राहिले. मी मान वर केली नाही. ते यंत्राकडे बघत होते, मग खाली उकिडवे बसले, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला थेट प्रश्न विचारला.

"हा इथे काय करतोय?"

"यंत्र खडखडू नये म्हणून ठेवलाय."

"कधीपासून?"

"आठवडा झाला."

ते उकिडवेच राहिले. "मग काल पेडलखाली काय होतं?"

"काही नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही विचारलं नाहीत."

"तळाला लागत होतं?"

"लागत होतं." माझा आवाज अजून तोऱ्यातच होता, त्याची आज मला लाज वाटते. "आणि तुम्ही तरी काय मोठे? शेवटी 'धर' म्हणालात आणि मला न सांगता नट उघडलात. पाय आपोआप खाली गेला माझा."

मिस्तरींनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, ओठसुद्धा पांढरे पडले.

"मी नट उघडलाच नव्हता," ते म्हणाले.

पुढचं सांगायची गरज पडली नाही. नट बंद आणि पेडल तरी खाली जातं, म्हणजे आतली टोपी कापली गेली आहे. गल्लीत दोन चकरा मारताना कळणार नाही, कारण तिथे ब्रेक टिचकीसारखा दाबून सोडायचा असतो. घाटात तो धरून ठेवावा लागतो, आणि धरून ठेवला की तो हळूहळू खाली जाणार, एका वळणाला तळाला टेकणार, आणि गाडी मोकळी सुटणार.

मी फोन लावला. बंद. थोरलीत बसलं की फोन बंद, हा मिस्तरींनीच घालून दिलेला नियम. तिच्या जुन्या ऑफिसात लावला. किल्ल्या देऊन निघाली, वीस मिनिटं झाली, तिथला माणूस म्हणाला. आणि शुभेच्छाही देत बसला.

"अहो, स्कूटर," मी म्हटलं. अहो तोंडातून कधी निघालं ते मला कळलंही नाही.

स्कूटर माझी. शिवलेले कपडे गावभर पोचवायला मी ती पंधरा वर्षं चालवते, आणि मिस्तरींना दुचाकीची धड सवय नाही. ते मागे बसले. ठोकळा उपटून काढलेला, तो त्यांच्या हातात तसाच राहिला होता. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी तो पुढे माझ्या पायांशी टाकला.

मोठा रस्ता गावाला वळसा घालून खिंडीकडे चढतो. तलावाच्या बांधावरून एक पायवाट आहे. तिच्यावरून चारचाकी जात नाही, स्कूटर जाते. मी ती धरली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खोल उतार. एरवी मी तिथून जीव मुठीत धरून जाते. त्या दिवशी मला बांध दिसलाच नाही. मला सारखं पेडल आठवत होतं, पायाखाली खाली जाणारं, आणि मी, दात आवळून, समजल्यासारखी गप्प बसलेली. एका शब्दाने काम झालं असतं. 'अहो, नट उघडलात का?' एवढंच. माझी जीभ काय झडली होती?

"पेट्रोलच्या रांगेत असेल अजून," मिस्तरी कानाशी ओरडले.

"हो," मी ओरडले. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

खिंडीच्या माथ्यावर एक टपरी आहे. टपरीवाला बाहेर उभा होता. मी स्कूटर न थांबवताच विचारलं, "हिरवी गाडी? उघडी?"

"आत्ताच गेली की, दोन मिनिटं झाली," त्याने उताराकडे हात केला. "मस्त गाडी आहे हो!"

उताराला लागल्यावर तिसऱ्या वळणाच्या पुढे मला ती दिसली. आधी दिसला मागचा लाल दिवा. ब्रेक दाबला की लागतो तो. तो सतत लागलेला होता, विझतच नव्हता. म्हणजे ठकूचा पाय ब्रेकवर होता आणि गाडी तरीही वेग घेत होती.

मिस्तरींनाही ते दिसलं. माझ्या खांद्यावरचे त्यांचे हात एवढे घट्ट झाले की दुसऱ्या दिवशी वळ उठले होते.

मी गाडीच्या बरोबरीने आले. ठकूचे केस उडत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा दगड. तिने आमच्याकडे बघितलं आणि ओरडली, "लागत नाहीये! बाबा, लागत नाहीये!"

"गिअर!" मिस्तरी ओरडले. "तिसऱ्यात टाक! हँडब्रेक ओढ! नको, एकदम नको! हळू! क्लच! गिअर आधी!" बिचाऱ्यांना सगळं एकाच वेळी सांगायचं होतं. ठकूने गिअरला हात घातला, घाबरून परत स्टिअरिंगवर आणला. तिचा पाय तसाच तळाला रुतलेला होता. समोरून एक ट्रक वर येत होता. मला मागे व्हावं लागलं. ट्रक आमच्या बाजूने हॉर्न वाजवत वर गेला, आणि तेवढ्या वेळात थोरली आणखी पुढे सरकली. पुढच्या वळणाला बाहेरच्या बाजूने गुडघाभर उंचीचा दगडी कठडा होता, आणि त्याच्यापलीकडे काही नव्हतं.

आणि मला माझ्या पायाने सांगितलं. डोक्याने नव्हे, खरंच पायाने. काल चारही चाकांना "दाब, सोड, दाब, सोड" चाललं होतं, तेव्हा पेडलने दर वेळी माझ्या पायाला उलट जोर दिला होता. ते खाली गेलं ते फक्त "धर" म्हटल्यावर. फाटकी टोपी धरून ठेवलेला दाब सोडून देते, झटक्याने दिलेला मात्र क्षणभर पेलते.

मी स्कूटर पुन्हा तिच्या बाजूला आणली, आणि सत्तावीस वर्षं चाकाखालून ऐकलेला तो आवाज माझ्या गळ्यातून काढला.

"ठकू, सोड! पाय उचल! सोड!"

ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. सुटलेल्या गाडीत आई सांगतेय की ब्रेक सोड.

"सोड म्हणते ना! आता दाब! सोड! दाब! सोड! दाब!"

ती या दोन शब्दांवर वाढलेली पोर. रांगत होती तेव्हापासून शेडच्या दारात बसून हे ऐकायची, बाहुलीलाही हेच सांगायची. तिचा पाय उठला. लाल दिवा विझला. लागला. विझला. लागला. आणि चौथ्या-पाचव्या वेळी मला दिसलं, थोरलीचं नाक किंचित खाली झुकलं.

"धरतंय!" मिस्तरी माझ्या कानात किंचाळले. "आता गिअर! एकच! तिसरा!"

"दाब! सोड! दाब!" मी थांबले नाही. इंजिनने मोठ्ठा हंबरडा फोडला, गिअर बसला. वळण आलं. मी ते कसं घेतलं ते सांगता येणार नाही. ठकूने गाडी डोंगराच्या अंगाला ओढली. आतल्या चरात तिची दोन चाकं उतरली, हिरवा पत्रा मातीच्या भिंतीवर घासत गेला, सत्तावीस वर्षांचं पॉलिश कर्रर्र करत सोलत गेलं, आणि त्या आवाजाएवढं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही. तिने हँडब्रेक ओढला. थोरली तिरकी होऊन थांबली. कठडा चार पावलांवर होता.

माझ्या हातातून स्कूटर तशीच आडवी पडली. मिस्तरी धावले, पण लेकीकडे नाही. चाकाकडे. गाडी अजून उतारावर होती, आणि हँडब्रेकही जुनाच होता. त्यांनी चाकापुढे गुडघे टेकले, हात मागे केला आणि न बघता म्हणाले,

"ठोकळा?"

"आहे," मी म्हटलं.

मी तो रस्त्यावरून उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चाकाखाली ठोकला. मग तिथेच बसून राहिले, दोन्ही तळहात रस्त्यावर टेकून.

ठकूला मी दारातून ओढूनच बाहेर काढलं. आम्ही तिघं चराच्या कडेला बसलो. वरून एक बस गेली, आतल्या लोकांनी माना वळवून बघितलं. बराच वेळ तिची पाठ चोळणं एवढंच मला सुचलं.

"मी विचारायला पाहिजे होतं," मिस्तरी म्हणाले. "कधी विसरत नाही मी. काल विसरलोही नव्हतो. शब्द तोंडात आला होता, गिळला."

"मला माहीत होतं ठोकळा नाही म्हणून," मी म्हटलं. ते बोलायला मला फार जड गेलं. "पाय घातला तेव्हाच कळलं. तुम्ही विचाराल म्हणून गप्प बसले. आणि मुद्दाम तळापर्यंत दाबलं."

त्यांनी चाकाखालच्या ठोकळ्याकडे बघितलं. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"मला फाटकापाशीच कळलं होतं," ठकू म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"उतारावर गाडी धरली, तर पेडल खाली गेलं. थोडंसंच." ती गुडघ्यांकडे बघत बोलत होती. "म्हटलं, सांगावं. मग तुमच्याकडे बघितलं. एक या टोकाला, दुसरं त्या टोकाला. बाबांना सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, आईला विचार काल पेडल कसं लागत होतं. आईला विचारलं असतं तर आई म्हणाली असती, बाबांना सांग त्यांनाच सगळं कळतं. मला आणखी एक निरोप न्यायचा नव्हता, आई. शेवटच्या दिवशी तरी नाही. म्हटलं, हळू जाईन."

तिला रडू फुटलं ते तेव्हा. गाडी सुटली तेव्हा नाही. मी तिला जवळ घेतलं, पण तिचं अंग ताठच राहिलं. तिने मला माफ केलं नव्हतं, आणि करावं असं मलाही वाटत नव्हतं.

थोड्या वेळाने मिस्तरी उठले. थोरलीभोवती एक चक्कर मारली, सोललेल्या पत्र्याला हात लावला नाही. मग डोंगराकडे तोंड करून, घसा साफ करून म्हणाले, "कुणीतरी क्रेनवाल्याला फोन करायला हवा."

माझ्या कुशीत ठकूने डोळे गच्च मिटले. मला तिच्या पापण्या दंडावर जाणवल्या.

"कुणीतरी म्हणजे कोण?" मी विचारलं.

ते वळले.

"तू," ते म्हणाले. "तू कर. माझ्या बोटांना बटणं दाबता येत नाहीयेत."

मी फोन काढला आणि म्हटलं, "सांगा नंबर." आकडे सांगताना ते दोनदा चुकले. मी फोन धरून उभी राहिले आणि त्यांना तिसऱ्यांदा पहिल्यापासून सांगू दिले.